मोरपंखी स्वेटर पुढं सरकेना

चहा आधी पिऊन घ्या, कारण हे ऐकता ऐकता तो हमखास गार होणार. माझीच फजिती सांगतोय, आणि त्यातला शब्द न शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझा दुसराही पाय मोडो!

तसा पहिला काही मोडला नव्हता. हाड नुसतं चिरलं होतं. पण 'चिरलं' म्हटलं की लोक भेटायला रिकाम्या हातानं येतात, म्हणून मी मोडला म्हणतो. दुकानात शिडीवरून पडलो, असं गिऱ्हाइकांना सांगितलंय. नांदेडात माझं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, तिथं शिडी शोभून दिसते. खरं म्हणाल तर कंधारला पुतण्याच्या वरातीत बँडपुढं नाचताना माझाच पाय माझ्याच पायात आला.

तर डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर, महिना मार्चचा आणि ऊन नांदेडचं. आमची सुरेखा, म्हणजे बायको, शिक्षिका आहे. सकाळची शाळा सुरू झालेली, त्यामुळं ती उजाडता उजाडता निघायची आणि दुपारी यायची. मी पलंगावर, समोर कूलर, आणि प्लास्टरच्या आत खाज. तुम्हाला कधी प्लास्टर घातलंय का? नसेल तर सुखी आहात. आत मुंग्यांची जत्रा भरलेली असते आणि तुमचं बोट वेशीवरच अडतं.

त्या दिवशी सुरेखानं लोखंडी पेटीतले गरम कपडे हवेला टाकले होते. पलंगाच्या पायथ्याशी एक जुनी कापडी पिशवी होती, आणि तिच्यातून डोकावत होती विणायची लांब, गुळगुळीत, स्टीलची सुई. मी कशाचाही विचार न करता सुई ओढली आणि प्लास्टरात घातली. काय सांगू, डोळे आपोआप मिटले!

उघडले तेव्हा मोरपंखी लोकरीचं अर्धं स्वेटर पिशवीच्या बाहेर आलं होतं आणि त्याचे टाके एकामागून एक गळत होते. थांबावं म्हणून मी दोरा ओढला. आता दोरा ओढल्यानं विणकाम थांबतं, हे मला कुणी शिकवलं होतं? देव जाणे. बघता बघता माझ्या मांडीवर लोकरीचा ढीग पडला.

ते स्वेटर साधंसुधं नव्हतं हो. आमची सुपारी फुटली अहमदपूरला. तेव्हा सुपारी ते लग्न या मधल्या दिवसांत नवरानवरीनं एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. निघताना नवरीचा भाऊ बालाजी, कॉलेजात जाणारा, माझ्या गळ्यात पडला. पडला तो सोडेचना. छातीभोवती हात घातले, पाठीवर वीत टेकवली, खांद्यावर वीत टेकवली. मला वाटलं, पोरगं लई मायाळू आहे! लग्नानंतर कळलं, तो माप घेत होता. नवऱ्या मुलासाठी घरात गुपचूप स्वेटर विणायला घेतलं होतं.

ते पुरं कधीच झालं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण सुरेखाची बदली होईल तशी ती पिशवी आमच्याबरोबर फिरली. आधी लातूर, मग बिलोली, मग नांदेड. पेटी उघडली की मी आतून हलायचो. हिनं मला धड पाहिलंही नव्हतं, तेव्हाचे हे टाके. माझ्या त्या वेळच्या छातीचं माप जगात आता इथंच उरलंय, असं वाटायचं. आणि तेच मी खाजवता खाजवता उसवून बसलो होतो.

शेजारच्या अक्का रोज ताक घेऊन यायच्या. मूळच्या उदगीरच्या, हाताला लई कसबी. त्यांना मी गयावया करून म्हटलं, सुरेखा यायच्या आत जसं होतं तसं करून द्या.

अक्कांनी ढीग उचलला, निरखला आणि म्हणाल्या, "माझा हात सुरेखा वळखती, भाऊ. तुमचा हात कुणीच वळखत न्हाई. तुमीच शिका. रिकामेच बसून राहिलाव की."

झालं. सकाळी ताकाबरोबर माझी शिकवणी सुरू झाली. एक सुलट, एक उलट. पहिल्या दिवशी माझी बोटं एकमेकांत अशी गुंतली, की अक्कांनी आधी बोटं सोडवली आणि मग लोकर. दुकानातून फोन आला, कुणाला तरी पाइप किती लांब पाहिजे विचारत होते, तर मी म्हटलं, बगलेपर्यंत. पण हळूहळू हात बसला. दुपारी सुरेखा यायच्या आत सगळं पिशवीत. ती पिशवी पेटीत ठेवायला निघाली, तर मी म्हटलं, असू दे, पाय टेकवायला बरी पडते. मग जेवण, मग माझी झोप.

आणि इथून भानगड सुरू झाली. आज कमरेपासून वीतभर वर आलो म्हणून खुशीत झोपावं, तर उद्या सकाळी ते परत चार बोटांवर! मला वाटलं, आपलीच नजर चुकते. मग वाटलं उंदीर. पण लोकर खाऊन उरलेली लोकर नीट गुंडाळून ठेवणारा उंदीर मी तरी पाहिला नव्हता.

अक्कांना विचारलं, तर त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "कूलरच्या ओलीनं लोकर आखडते, भाऊ."

मी कूलर बंद केला. बाहेर पत्रे तापून वाजत होते, आणि मी मांडीवर लोकर घेऊन घामानं निथळत बसलेलो. दुपारी सुरेखानं विचारलं, कूलर का बंद? तोंडातून निघून गेलं, थंडी वाजते. एवढं म्हणायचा अवकाश, तिनं कपाळाला हात लावला आणि मला रजईत घातलं. वर आलं-मिऱ्यांचा काढा. दोन दिवस मी भट्टीतल्या रताळ्यासारखा भाजत होतो, आणि स्वेटर तरी वाढावं ना? छे, तेही नाही!

तिनं माहेरी कळवलं, यांना थंडी भरून राहिली. तिसऱ्या दिवशी एसटीनं बालाजी हजर. आता तो अहमदपूरला किराणा दुकानदार आहे, मिशा जाडजूड, आवाज गल्ला हलवणारा. मला रजईत बघून तो काळजीनं पायथ्याशी बसला, आणि नेमका पिशवीवर. सुई टोचली तसा उठला. आतून स्वेटर काढलं, उलटंसुलटं केलं.

"दाजी, ह्या ओळी कुणी घातल्या? गळा आवळल्यावानी दिसून राहिल्या."

मी रजई नाकापर्यंत ओढली. सुरेखा पदर तोंडाला लावून हसत होती. मग सगळं बाहेर आलं. अक्कांनी पहिल्याच दिवशी तिच्या कानावर घातलं होतं.

ती म्हणाली, "डॉक्टरनी पाय हलवू नका म्हटलं, तर तुमी दुसऱ्याच दिवशी लंगडी घालत दुकानाला निघाला होतात. सुया हातात आल्या अन् बसलात एका जागी. म्हटलं, हे पुरं झालं की हा माणूस पळतो. म्हणून तुमी झोपलात की उसवून ठेवायची."

मला हसायला आलं नाही. एवढे दिवस छातीवर बसलेलं होतं, ते बोलून टाकलं. "उसवलंस ते उसवलंस. पण त्याच्याआधीचे तुझे टाके गेले, सुरेखा. सुपारी फुटल्यावरचे. ते मी घालवले."

"माझे?" ती म्हणाली. "मला विणता कुठं येतंय? मला नुसतं उसवता येतं."

बालाजी वर पंख्याकडं बघत होता. पंखा बंद होता.

"दाजी," तो म्हणाला, "ते टाके माझे व्हते."

ऐका आता. रुखवतात मांडलेलं सगळं नवरीनं केलं, असं सांगायची रीत. प्रत्यक्षात आत्या, मावश्या, शेजारणी, दहा जणींचे हात असतात. त्यांच्या घरी त्या दहात हा अकरावा होता. आत्याजवळ बसून विणायला शिकला होता, आणि माप दुसऱ्यानं नीट आणलं नसतं म्हणून स्वतः गळ्यात पडला होता.

"मग अर्धं का सोडलंस?"

"कानपिळीला तुमी मला टॉवेल दिला." बालाजी शांतपणे बोलला. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, आणि नवऱ्यानं त्याचा मानपान करायचा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. "सगळे म्हणायचे घड्याळ भेटंल. मी पाठ पुरी करत आणली व्हती. टॉवेल बघितला, अन् सुई तिथंच खोचली."

म्हणजे बघा. लातूर, बिलोली, नांदेड, सगळीकडं ज्या टाक्यांकडं बघून माझा ऊर भरून यायचा, तो मेहुण्याचा रुसवा होता!

बालाजीनं सुया हातात घेतल्या आणि दोरा किती सैल धरायचा ते दाखवलं. मग मला उभं केलं. माप घेतो म्हणून त्यानं मिठी मारली. त्याचे हात मागं एकमेकांना पोचले नाहीत.

"दाजी, आता लोकर पुरायची न्हाई."

यातलं मी रचलेलं कोणतं, तेही सांगून टाकतो. टॉवेल खरा, काढा खरा, बालाजीची मिठी खरी. खोटं आहे ते प्लास्टर. ते होतं, पण कूलरच्या भानगडीच्या बऱ्याच आधी निघालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, हिंडा-फिरा, दुकानाला जा. मी घरी येऊन म्हणालो, अजून दुखतंय. सुरेखा म्हणाली, मग बसा. तिला माहीत होतं दुखत नाही. मलाही माहीत होतं. आता धडधाकट नवरा रोज सकाळी विणत बसतो आणि धडधाकट बायको रोज दुपारी ते उसवून ठेवते, हे चारचौघांत सांगायचं कसं? म्हणून तुमच्यापुरता पाय प्लास्टरमध्येच ठेवला.