परबच्या मोबाइलचा शेवटचा चान्स

तेव्हा मी उत्तरेतल्या एका बर्फाळ पोस्टवर सिग्नलचा हवालदार होतो. काम वायरलेसचं, पण जवानांच्या लेखी मी अख्खा कॉम्प्युटर. सेटजवळ बसलो की प्रश्न सुरू. सर्व्हर म्हणजे काय? म्हटलं, लंगर, आपलं जेवणघर. ताट घेऊन जा, मागा, तो वाढेल. कॅशे? सारखे लंगरकडे हेलपाटे नकोत म्हणून खिशात ठेवलेले शंकरपाळे.

सगळ्यात जास्त डोकं खायचा नायक परब. गाव मालवणकडचं, घर मालाडला.

"उस्ताद, एन्क्रिप्शन म्हणजे कुलूपच ना?"

"नाही रे. कुलूप तोडता येतं. इथे आतली अक्षरंच कालवून टाकतात. पासवर्ड घातला तरच ती जुळतात."

"आणि पासवर्डच गेला तर?"

"वाट लागली."

पोस्टवर मोबाइलला नेटवर्क नव्हतं. परब रोज आईसाठी मोबाइलवर गजाली, म्हणजे दिवसभराच्या गप्पा, रेकॉर्ड करायचा. खाली उतरलो की पाठवीन म्हणायचा. पासवर्डची ऑर्डर पक्की होती: लांब ठेवा, कुठे लिहू नका, घरीही सांगू नका. बाकीचे जन्मतारीख टाकून मोकळे झाले. परबने ऑर्डर पाळली.

पेट्रोलला, म्हणजे गस्तीला, निघताना मोबाइल बंद करून पेटीत जमा करायचा. त्या सकाळी परबनेही केला. दुपारी त्यांच्यावर वरून बर्फाचा कडा सुटला.

"टायगर वन, टायगर वन, रिपोर्ट माय सिग्नल, ओव्हर."

नुसती खरखर. अंधार पडेपर्यंत मी बोलावत राहिलो. बाकीच्यांना जिवंत काढलं. परबला नाही. त्याच्या सामानाबरोबर मोबाइल घरी गेला.

मी रिटायर होऊन अंधेरीला आलो, तेव्हा त्याच्या आईचा निरोप आला. आरेतून जाणारी बस पकडून मालाडला गेलो. माउली दर सणाला पूजा झाली की एक पासवर्ड घालून बघायची. देवाचं नाव, गावाचं नाव, त्याच्या बापाचं नाव. आता स्क्रीनवर आलं होतं: एकच चान्स बाकी, चुकला तर सगळं पुसलं जाईल.

"तू सिग्नलचो मां? माझ्या झिलाचो आवाज हेच्यात आसा. काढ मां."

मोबाइल घेऊन तिला बाजारातल्या मोबाइलवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, "काका, फॉरमॅट मारतो. एकदम झकास चालेल!"

"फॉरमॅट म्हणजे काय रे?" आईने मला विचारलं.

"बराक रिकामी करून चुना मारायचा, आई. आत कोण राहत होतं ते कळतही नाही."

तिने मोबाइल त्याच्या हातातून ओढून घेतला. मीही त्याच्यावर उगाच खेकसलो. बिचाऱ्याचा काय दोष?

घरी येऊन तिने मोबाइल माझ्यापुढे ठेवला. "शेवटचो तू घाल. तुका म्हायत असतलो."

मला माहीत नव्हता. मीच परबला समजावलं होतं की हे तोडता येत नाही, आणि आता त्याच्या आईसमोर नुसता बसून होतो. इतकं लाचार मला त्या सेटसमोरही वाटलं नव्हतं, खरंच सांगतो.

"आई, मला नाही येत हे."

तिने पदराने स्क्रीन पुसली आणि परबच्या फोटोखाली मोबाइल चार्जिंगला लावला.

"नको घालूस. एक उरलो आसा मां, तो रवांदेत."

अजूनही मी तिच्याकडे जातो. चहा होतो. निघताना ती दर वेळी एकच विचारते, "आत आसत मां रे त्येच्यो गजाली?"

"आहेत, आई," मी म्हणतो. "सगळ्या आत आहेत."