काखेतली गाठ

गेल्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी अंघोळ करताना, मी मरायला लागलो.

साबण लावताना उजव्या काखेत गाठ लागली. बोराएवढी. दाबली, तर दुखली. (मग दिवसभर दर दहा मिनिटांनी दाबली. दर वेळी दुखली!) बायकोला, म्हणजे मेधाला, काही बोललो नाही. उगाच घाबरली असती. ती ऑफिसला गेल्यावर मी घरी बसून विम्याचे कागद, गॅसचं कार्ड, सगळं एका फाइलमध्ये लावलं.

संध्याकाळी ती आली. "हा काय पसारा? घर विकताय?"

"असू दे," मी जड आवाजात म्हणालो. "तुला लागेल पुढे."

ती चक्रावून आत गेली. तेवढ्यात कामोठ्याहून थोरला भाऊ आला. (मीच फोन केला होता.) त्याने गाठ चाचपली आणि त्याचा चेहरा उतरला.

"शिऱ्या, तू बस. मी चहा टाकतो."

दादाने जन्मात स्वतःचं पाणीसुद्धा घेतलेलं नाही. तो चहा टाकायला निघाल्यावर माझा उरलासुरला धीर सुटला.

"दादा, मेधाकडे बघ रे!"

"माझ्याकडे काय बघायचंय?" मेधा दारात उभी! मग सगळं सांगावंच लागलं. क्षणभर ती पांढरी पडली. मग म्हणाली, "चपला घाला. डॉक्टर मॅडम आहेत अजून."

सुकापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच दवाखाना. तिघेही निघालो. मॅडमनी गाठ पाहिली आणि माझा उजवा हात ओढला. तर्जनी टम्म सुजलेली.

"हे काय?"

"ते काही नाही. रविवारी आपटा गावाला गेलो होतो, तिथे करवंदं काढताना काटा मोडला आत."

"आणि तसाच ठेवलात?"

"गाठीपुढे त्याचं काय, मॅडम!"

"अहो, त्याचीच तर गाठ! काट्याबरोबर जंतू आत शिरले. ते पुढे जाऊ नयेत म्हणून शरीराने त्यांना काखेत अडवलंय. तिथे गाठी सगळ्यांनाच असतात. पांढऱ्या पेशी लढायला लागल्या की त्या सुजतात."

मॅडमनी काटा काढला. पाठोपाठ पूही आला. "हा पू म्हणजे बराचसा लढताना मेलेल्या पेशी."

(म्हणजे मेलं कोणीतरी होतंच!)

"औषध घ्या, बोट स्वच्छ ठेवा. गाठ उतरेल हळूहळू. नाही उतरली तर दाखवायला या."

दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. मेधाने मात्र विचारलं, "अंगात एवढी लढाई चाललेली, आणि ह्यांना पत्ताच नाही?"

"शरीर आपल्याला विचारत नाही हो."

"बरंय," मेधा शांतपणे म्हणाली. "ह्यांना विचारलं असतं, तर हे आधी शरण गेले असते!"

यावर माझ्या एकाही पेशीने प्रतिकार केला नाही.