डाव्या चाकाची पिन

वलगावात परतवाडा रोडला लागून नत्थुजी खेरड्यांचं गॅरेज आहे. पत्र्याचं छप्पर, पुढे ऑइलने काळी पडलेली जमीन, आणि कायम एखादी जुनी पिकअप नाहीतर मिनीडोअर आ वासून उभी. नत्थुजींचं घराणं मळेवाल्यांचं. वांगी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर, हेच पिढ्यान् पिढ्या चाललेलं. पण नत्थुजींचा जीव लहानपणापासून इंजिनात. विशीत ते अकोल्याला एका उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षं राहिले आणि परत आले ते पान्यांची पेटी घेऊनच. जुन्या गाडीचं मोडकं काढून दुसऱ्या गाडीचं चांगलं बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. पंचक्रोशीत लोक म्हणत, नत्थुजीच्या हातचं काम पुन्हा उघडून पाहा लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून मात्र एक गोष्ट नत्थुजींनी कोणालाच सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. त्यांच्या डाव्या डोळ्याला दुधाच्या सायीसारखं काहीतरी आलं होतं आणि उजव्यालाही जवळचं बारीक दिसेनासं झालं होतं. हात तीस वर्षांचे सरावलेले, म्हणून बोटांनी चाचपून काम उरकत होतं. गिऱ्हाइकाला कळलं तर कोण गाडी देईल, ही एकच धास्ती. डॉक्टरकडे जायचं ते दिवाळीनंतर पाहू, असं त्यांनी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

पावसाळा सरला तशी शकुनची पिकअप आली. शकुन गावातलीच, चाळिशीतली. नवरा गेल्यावर त्याची पिकअप न विकता ती स्वतः चालवायला शिकली आणि भाजीपाला भरून मेळघाटातल्या बाजारांना जाऊ लागली. गाडी सोळा वर्षांची. स्टिअरिंग एवढं ढिलं झालं होतं की चाक एक वीत फिरवावं तेव्हा गाडी वळायची. नत्थुजींनी अकोल्याच्या भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीचा स्टिअरिंगचा डबा आणून बसवला आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या टायरॉडची टोकं नवी टाकली. टायरॉड म्हणजे स्टिअरिंगचा हुकूम चाकापर्यंत नेणारा दांडा. त्याच्या टोकाला एक नट असतो आणि तो सुटू नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालून तिची टोकं वाकवतात. पिन पैशाने मोलाची नाही, पण तिच्याशिवाय नट किती धक्के सहन करेल त्याचा भरवसा नाही.

सकाळी सहाला शकुन गाडी घेऊन गेली. जाताना तिने स्टिअरिंग इकडेतिकडे फिरवून पाहिलं आणि खूश झाली. "भाऊ, नव्यावानी झाली ना गाडी! आज सेमाडोहचा बाजार आहे. पार्बताबाईले घेतो अन् निघतो."

पार्बताबाई तिची शेजारीण, सत्तरी ओलांडलेली. केबिनमध्ये शकुनशेजारी बसून ती आपली मेथी-पालकाची गाठोडी विकायला न्यायची.

साडेआठच्या सुमारास नत्थुजी एका ऑटोचं चाक काढायला वाकले, तेव्हा शर्टाच्या खिशातून काहीतरी खाली फरशीवर पडलं. टिंग असा आवाज आला. त्यांनी चाचपून उचललं. बोटांना कळलं, ही पिन आहे. दोन्ही पाय सरळ. कोरी.

काल संध्याकाळी त्यांनी पुडीतून दोनच पिना काढल्या होत्या. एक उजव्या चाकाला, एक डाव्या. उजव्या चाकाच्या पिनेची टोकं वाकवल्याचं त्यांना आठवत होतं. डाव्या चाकाचा नट कसताना फोन वाजला होता. बोलून परत आले आणि... पुढचं आठवेना. त्यांनी केरातून जुन्या पिना शोधल्या. दोन होत्या, दोन्ही गंजलेल्या. पुडी झटकली. रिकामी.

म्हणजे डाव्या चाकाला पिन गेलीच नव्हती.

शकुनला फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ती या वेळी परतवाड्याला अडतीवर कांदे-बटाटे भरत असणार आणि फोन केबिनमधल्या पिशवीत. आणखी चार वेळा लावून पाहिला. मग बिहालीच्या केशवरावांची आठवण झाली. परतवाड्याच्या पुढे, घाट सुरू होतो तिथे रस्त्यावरच त्यांचं चहाचं हॉटेल होतं.

"केशवराव, शकुनची पांढरी पिकअप येईन. ताडपत्री निळी आहे. तिले थांबवून ठेवा, काई झालं तरी पुढं जाऊ देऊ नका."

"काहून? काय झालं?"

"चाकाचं काम अर्धं राहिलं. तिले माहीत नाई. मी निघून राहिलो."

खिशात पिन आणि एक पाना घालून त्यांनी मोटारसायकलला किक मारली. बायको गंगूबाई घराच्या दारातून विचारत राहिली, जेवले कुठी तुमी, काय झालं, पण उत्तर द्यायला ते थांबले नाहीत.

परतवाड्यापर्यंतचा रस्ता त्यांना पाठ होता, तरी त्या दिवशी तो संपता संपेना. डाव्या बाजूने येणारी वाहनं ऐनवेळी दिसायची. आसेगावजवळ एक ट्रॅक्टर आडवा आला आणि त्यांची मोटारसायकल ट्रॉलीला घासता घासता राहिली. ट्रॅक्टरवाल्याने शिवी हासडली. नत्थुजींनी मागे वळून पाहिलं नाही. अडतीवर पोचले तर हमाल म्हणाला, "गेली ना ते बाई. अर्धा घंटा झाला असंन."

आता फोन लागतच नव्हता. बिहालीच्या पुढे जंगलात रेंज नसते. म्हणजे ती बिहाली ओलांडून गेली की काय? केशवराव तर होते!

केशवराव हॉटेलसमोर रस्त्यावरच उभे होते. नत्थुजींना पाहताच त्यांचा चेहरा उतरला. "बाप्पा, दोन गाड्या थांबवल्या मी. दोन्ही दुसऱ्याच निघाल्या. अंदर दूध उतू चाललं होतं, तेवढ्यासाठी गेलो. दोन मिंटं. तेवढ्यात एक निळी ताडपत्री वळणावर दिसली. आवाज दिला मी, पण..."

"किती वेळ झाला?"

"वीस मिंटं."

नत्थुजींनी हिशेब केला. भरलेली गाडी, चढाचा रस्ता, ती सावकाशच जाणार. पण घटांगचा चढ संपला की पुढे सेमाडोहकडे उतार लागतो, वळणावर वळण. पावसाने रस्ता उखडलेला. चढावर नट सुटला तर गाडी जागच्या जागी अडेल. उतारावर सुटला तर एक चाक स्टिअरिंगचं ऐकणार नाही, आणि डाव्या अंगाला दरी.

ते घाट चढू लागले. प्रत्येक वळणाला ते आधी कठड्याकडे पाहत, मग रस्त्याकडे. एका वळणावर रस्त्यात लाल लाल काही सांडलेलं दिसलं. गाडी थांबवून जवळ गेले, वाकून पाहिलं, तेव्हा कळलं की टमाटे आहेत. कठडा शाबूत होता. खाली झाडी जशीच्या तशी उभी होती. त्यांनी दरीत डोकावून दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही. माकडं तेवढी उड्या मारत पळाली.

पुढच्या वळणापलीकडे पिकअप उभी होती. तिचं तोंड डोंगराच्या अंगाला नालीत वळवलेलं, मागच्या चाकाला मोठा दगड लावलेला. पार्बताबाई कडेच्या दुसऱ्या एका दगडावर बसली होती. शकुन बोनेटला टेकून उभी.

"तुमी?" शकुन म्हणाली. "तुमाले कोणं सांगतलं?"

"काय झालं आधी सांग."

"मागच्या खड्ड्यात टण्णकन आवाज झाला. तवापासून स्टिअरिंग हातात थरथर करून राहिलं. मी जोरात ब्रेक दाबला तं टमाट्याचं एक कॅरेटच पडलं खाली. म्हटलं, उतार लागायच्या आत थांबलेलं बरं."

नत्थुजी उताणे गाडीखाली सरकले. डाव्या चाकापाशी हात घातला. नट नव्हताच. दांड्याचा निमुळता खुंटा भोकात ठासून बसला होता, तेवढ्याच आधारावर चाक वळत होतं. आणखी एक मोठा धक्का बसता तर तोही निसटला असता. ते बाहेर आले.

"माह्याकडून पिन राहिली टाकायची. सकाळी खिशात सापडली. नट पडून गेला तुह्या गाडीचा."

पार्बताबाईने पदर तोंडाला लावला.

नत्थुजींनी पिन आणली होती, नट आणला नव्हता. घाईत सुचलंच नाही. दुसरा कुठला नट त्या आट्यावर बसणार नव्हता. आवाज आला त्या खड्ड्यापासून इथपर्यंतच्या रस्त्यातच तो कुठेतरी असणार, म्हणून तिघंही मागे चालत निघाली. शकुन मधून, पार्बताबाई नालीच्या कडेने, नत्थुजी कठड्याच्या बाजूने. वळणावरून एक बस हॉर्न वाजवत आली आणि त्यांना कठड्याला चिकटून उभं राहावं लागलं. नत्थुजी खाली वाकून, डोळे बारीक करून, एकेक पाऊल टाकत होते. त्यांना मुरूम दिसत होता, पाचोळा दिसत होता, सगळं एकाच रंगाचं.

"भाऊ," शकुनचा आवाज आला. "थांबा."

ती जवळ आली, वाकली आणि त्यांच्या चपलेजवळून नट उचलला. चकचकीत, नवा, उन्हात चमकणारा.

"याच्यावरून गेले तुमी. पाय पडता पडता राह्यला." ती त्यांच्या डोळ्यांकडे पाहत होती. "तुमाले दिसत नाई का?"

नत्थुजींनी मान खाली घातली. "डाव्यानं नाई दिसत. उजव्यानं बारीक नाई दिसत."

"कवापासून?"

"उन्हाळ्यापासून."

"अन् तुमी गाड्या करून राह्यले?" तिचा आवाज चढला. "माह्यासंगं ही म्हातारी आहे. माह्या घरी दोन पोरी आहेत. मले सांगतलं असतं तं मी बॅटरी धरून उभी राह्यली असती ना! एवढं काय जड होतं?"

"गिऱ्हाईक तुटीन म्हणून," नत्थुजी म्हणाले. ते बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"आता लावा," शकुन म्हणाली. "मी पाहून राह्यली."

ती साडी खोचून त्यांच्या शेजारी गाडीखाली सरकली. मोबाइलच्या उजेडात नट बसला, कसला गेला, पिन आरपार गेली, टोकं वाकली. मग तिने उजवं चाकही दाखवायला लावलं आणि स्टिअरिंगच्या डब्याचे चारही बोल्ट आपल्या देखत पुन्हा कसून घेतले. नत्थुजींनी एका शब्दाने नाही म्हटलं नाही. उतारावरून ती सेमाडोहला गेली तेव्हा ते मागे मोटारसायकलवर होते, पहिल्या गियरमध्ये, सगळा घाट. बाजारात पार्बताबाईने त्यांना भाकर आणि ठेचा दिला. शकुन तिकडे फिरकली नाही.

घरी आल्यावर नत्थुजींनी गंगूबाईला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. आठवा, म्हणाली, उन्हाळ्यापासून कोणाकोणाच्या गाड्या केल्या ते. दोघांनी बसून तेवीस गाड्या आठवल्या. दुसऱ्या दिवसापासून एकेकाला फोन गेले, की गाडी घेऊन या, एकदा पाहून घेतो, माझी नजर गेली होती. काहीजण हसले. काहीजण बिथरले. बडनेऱ्याच्या ओळखीच्या मेकॅनिकला त्यांनी चार दिवस बोलावून घेतलं आणि त्याच्या डोळ्यांनी प्रत्येक गाडी तपासली. बावीस ठीक निघाल्या. शाळेची पोरं नेणाऱ्या एका व्हॅनच्या मागच्या ब्रेकचा एक बोल्ट नुसत्या हाताने फिरत होता. नत्थुजी ते पाहून मागच्या दारी गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

मग गॅरेजचं शटर दीड महिना बंद राहिलं. अमरावतीला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजवा चष्म्याने सुधारला. डाव्याला उशीर झाला होता, डॉक्टर म्हणाले, दिसेल पण पूर्वीसारखं नाही. गिऱ्हाईक खरंच तुटलं, निम्म्याच्या वर. व्हॅनवाला पुन्हा आलाच नाही आणि नत्थुजींनी त्याला बोल लावला नाही.

शकुनही दुसरीकडे जाऊ लागली होती. थंडीत एका सकाळी तिची पिकअप दारात येऊन थांबली. मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला होता.

"अमरावतीवाला दोन दिवस थांबवते," ती म्हणाली. "मले आजच जायाचं आहे."

नत्थुजींनी चष्मा पुसला, गाडीला जॅक लावला. शकुन चहाला गेली नाही. एक स्टूल ओढून चाकाजवळ बसली. सगळं बसवून झाल्यावर नत्थुजींनी पाना तिच्या हातात दिला.

"शेवटचा पीळ तू मार."

तिने दोन्ही हातांनी जोर लावला. नट हलला नाही.

"बसला," ती म्हणाली, आणि पुढच्या नटाकडे वळली.