उडणाऱ्या बाहुल्याचा उजवा खांदा

कौसामावशी माणसाला तोंडावरून नाही, चालीवरून ओळखायची. चुलीकडे तोंड करून बसलेली असली तरी उंबऱ्याशी पाऊल वाजलं की म्हणायची, "ये मास्तरीनबाई. आज उजवा गुडघा धरून राह्यला का?" मास्तरीण म्हणजे मी, टेंभुर्णीच्या शाळेत शिकवणारी तिची शेजारीण. गुडघा खरंच धरलेला असायचा. घरी कुणाला पत्ता लागू न देता दुखणं काढायची मला सवय, पण हिच्यापुढून नुसतं चालत जायचीही चोरी.

हाडं बसवण्याची विद्या तिला सासऱ्याकडून मिळाली होती. म्हाताऱ्याला मुलगे तीन, पण एकाच्याही अंगात धीर नव्हता, म्हणून त्यानं सुनेला शिकवलं. आधी म्हणे वर्षभर डोळे मिटून मक्याच्या कणसावरच्या ओळी मोजायला लावल्या. हात लावण्याआधी ती तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. "गार हाताला हाड काही सांगत न्हाई," असं तिचं म्हणणं. कुणी नोट पुढे केली तर "पैशानं हातचा गुण जातो" म्हणून परत करायची आणि वर चहा पाजून पाठवायची. तो चहा मात्र इतका गोड असे की दुखण्यापेक्षा तोच लोकांच्या लक्षात राही.

माझा धाकटा भाऊ दिलीप दहा वर्षांचा असताना सायकलवरून पडला. त्याचं डावं कोपर मावशीनं बसवलं आणि ते चुकलं. हात वाकडाच राहिला, पुढे कधी सरळ झाला नाही. आमच्या आईनं तिला एका शब्दानं विचारलं नाही, आणि मला वाटतं, तेच तिला जास्त लागलं. मोडक्या हाडाला बांधायच्या आपल्या बांबूच्या कामट्या तिनं चुलीत घातल्या. त्यानंतर पंधरा वर्षं तिनं कुणाच्याच हातापायाला हात लावला नाही. मुरगळलेले पाय घेऊन लोक ओट्यावर येत आणि ही हात पदराखाली घेऊन बसे. "माझे हात गेले," एवढंच म्हणे. मला वाटे, गेले नाहीत, भ्यालेत. पण तिला हे सांगणार कोण?

दिलीप पुढे पुण्याला नोकरीला लागला आणि त्याला एक खूळ लागलं. परदेशी सिनेमातले ते महावीर असतात ना, अंगाला चिकटलेले कपडे आणि पाठीवर उडणारं उपरणं, त्यांचे जुने बाहुले तो जमवी. दोन हजार तीनच्या दिवाळीत त्यानं जालन्याच्या एका कापडवाल्याच्या मुलाकडून असाच एक वीतभर उंचीचा वीर दोन दिवसांच्या बोलीवर बघायला आणला. वीस वर्षांपूर्वीचा माल. मालक म्हणत होता, सगळे अवयव मूळचे आहेत. तसं असेल तर दिलीपला महिन्याचा पगार मोजावा लागणार होता, आणि एखादा हात नंतरचा निघाला तर बाहुला पाव किमतीचाही नव्हता. दिलीपनं भिंग लावून तीनदा पाहिलं, पण खात्री होईना. मग त्यानं तो टॉवेलात गुंडाळला आणि मावशीच्या घराकडे निघाला.

"म्हातारीची थट्टा करू नको," मी म्हटलं.

"थट्टा नाही, ताई. सांधा कळणारं दुसरं कोणी मला माहीतच नाही."

मावशीनं बाहुल्याकडे पाहिलं आणि हात आणखी आत घेतले. "मला न्हाई जमायचं, बाबा. तुझंच कोपर बघ ना."

"हा रडत नाही, मावशी. तू चुकलीस तर माझे पैसे जातील. ह्याला काही दुखायचं नाही."

मग हात पदराबाहेर आले, एकमेकांवर घासले गेले. डोळे मिटून तिनं टाचेपासून सुरुवात केली. माणसाचंही ती टाचेपासूनच बघायची.

"पोटावर एवढ्या गाठी? ह्याला घरी कुणी जेवाया वाढत न्हाई का? पडल्ता कुठून?"

"पडत नाही तो, मावशी. उडतो."

"उडतो म्हंजे कधीतरी पडला असंलच."

डावा गुडघा ढिला लागला, तसा तिच्या अंगठ्यानं आपणहून दाब दिला. दिलीपनं झटकन तिचं मनगट धरलं. "बसवू नको, मावशी. दुरुस्ती केली की ह्याची किंमत जाते. कुठं काय आहे, तेवढं सांग."

"नुसतं सांगायचं? बसवायचं न्हाई?"

"नुसतं सांगायचं."

तिच्या सासऱ्यानं चाचपणं आणि बसवणं ही कामं कधी वेगळी केलीच नव्हती. मग तिनं बाहुल्याचे दोन्ही हात समोर जुळवून पाहिले, एकेक करून फिरवले.

"उजवा हात खांद्यापासून ह्याचा न्हाई. दुसऱ्या कुणाचा हाय. तांदळाच्या दाण्याएवढा लांब भरून राह्यला. अन् फिरताना बराबर एका जागी अडतो. आत काहीतरी चिकटवलंय."

दुसऱ्या दिवशी मालकानं ओशाळून कबूल केलं. त्याच्या लहानपणी कुत्र्यानं बाहुल्याचा हात चावून तोडला होता, म्हणून दुसऱ्या बाहुल्याचा काढून लावलेला. दिलीपनं तो तुटक्याच्या भावात घेतला आणि आनंदात घेतला.

पण खरा फायदा गावाचा झाला. त्याच आठवड्यात एक मजूर बाई सुजलेलं मनगट घेऊन ओट्यावर आली. मावशीनं हात बाहेर काढले, चाचपलं आणि म्हणाली, "मोडलंय. मी बसवनार न्हाई. जाफराबादला जा, फोटो काढ, पलस्तर घाल. जल्दी जा." नुसत्या मुरगळीला मात्र ती शेक सांगून घरी पाठवी. वर्षभरात तिथल्या सरकारी दवाखान्यातला तरुण डॉक्टर येणाऱ्याला विचारू लागला, "मावशींनी काय सांगितलंय?" हे ऐकलं की ती लाजायची आणि चहात आणखी साखर घालायची.

पुढच्या दिवाळीला दिलीप आला, तेव्हा तिनं स्वतःच त्याला बोलावून घेतलं. "दे ते कोपर हिकडं." इतक्या वर्षांत ते तिनं कधी डोळे भरून पाहिलंही नव्हतं. डोळे मिटून ती कितीतरी वेळ चाचपत होती.

"हितं चुकले मी," ती म्हणाली. "तवाच फोटोला पाठवायचं तर घाई केली. आत हाड वाढून बसलंय. मोठ्या डॉक्टरला दाखव, बाबा. थोडाफार तरी उघडंल हात."

दिलीपनं कोपराची आशा कधीच सोडून दिली होती. तरी केवळ तिच्या शब्दाखातर तो पुण्यात डॉक्टरकडे गेला. त्यांनीही तेच सांगितलं आणि शस्त्रक्रिया केली.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची आठवण निघाली की गाव मोडक्या हाडांच्या गोष्टी सांगतं. मला एक दुपार आठवते. टाके निघाल्यावर तीन महिन्यांनी दिलीप गावी आला होता आणि ओट्यावर तिच्याशेजारी बसला होता. हात पुरता नाही, पण बराचसा सरळ होत होता. मावशीनं तो धरला, वाकवला, सरळ केला. पुन्हा वाकवला, पुन्हा सरळ केला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती हात सोडत नव्हती.

"हळू, मावशी, दुखतंय," दिलीप म्हणाला.

"दुखू दे जरासं," ती म्हणाली. "उघडून राह्यलाय ना."