ताडकळसला नेलेली बातमी

फोन केला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण मी म्हटलं, जाऊनच सांगू.

कृषी अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला नोकरीची बातमी कशी मिळते, हे हा ब्लॉग वाचणाऱ्या बऱ्याच जणांना वेगळं सांगायला नको. जाहिरात ग्रुपवर फिरते, अर्ज जातो, मग महिनोन्महिने मेल उघडून बघायचे. निवड झाली तर एका ओळीचा निरोप. नाही झाली तर तेवढाही नाही. पुण्यातल्या ज्या संशोधन संस्थेत मी काम करते तिथंही हीच रीत. या वेळी मात्र मुलाखती घेणाऱ्यांत मी होते. मराठवाड्यातल्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारांचा दोन वर्षांचा अभ्यास, पैसा परदेशातल्या एका संस्थेचा, प्रमुख मी, आणि हाताखाली संशोधन सहायकाची एकच जागा.

ती जागा रेणुकाला मिळाली. परभणीला एम.एस्सी. केलेली, ताडकळसजवळच्या एका गावातल्या मेंढपाळ घरातली मुलगी. मेंढरू विकायचं ठरतं तेव्हा घरातल्या बाईला विचारतात का, हा तिच्या प्रबंधाचा विषय. आमच्यातल्या एकांनी विचारलं, "हे कुठून सुचलं?" ती म्हणाली, "आईकडं बघून, सर." पुढं बराच वेळ ती बोलत होती आणि आम्ही प्रश्न विचारायचंच विसरलो.

नाहीतरी पाहणीसाठी बाजार निवडायला मला परभणी जिल्ह्यात जायचंच होतं. नेमणुकीचं पत्र निघायला अजून अवकाश होता, पण निधी मंजूर झालेला, संचालकांचा होकार आलेला. निघायच्या पंधरा दिवस आधी रेणुकाला फोन करून मी इतकंच सांगितलं, "मी तुझ्या गावी येतेय. चांगली बातमी आहे."

पुण्याहून रात्री नांदेडकडे जाणारी गाडी धरली की सकाळी परभणी येतं. जानेवारीत जात असाल तर अंगावर घ्यायला काहीतरी ठेवा. मराठवाडा म्हणजे ऊन, असं डोक्यात घेऊन निघालेले लोक त्या फलाटावर कुडकुडत उभे दिसतात. मीही त्यांतलीच. स्टेशनाबाहेर चहा आणि गरम भजी खाऊन रिक्षानं बसस्टँड गाठलं. ताडकळसची एसटी भरलेलीच होती. बायकांना अर्धं तिकीट आणि त्यात बाजाराचा दिवस, त्यामुळे पिशव्या, टोपल्या आणि एक बांधलेलं करडू यांच्यामधून मला जागा मिळाली. दोन्ही बाजूंना कणसं धरलेली ज्वारी, मधूनच तुरीच्या गंजी. तासाभराचा रस्ता, पण बघण्यात कधी सरला कळलं नाही.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुणाच्यात चाललाव?"

"रेणुकाकडं. मारोतरावांची मुलगी."

"तिला नौकरी लागली म्हणं. पुण्याची म्याडम यायलीय आज."

"मीच ती."

"अगं बया!" त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि पुढच्या बाकावरच्या बाईला कोपरानं ढोसलं. मग ती बातमी कंडक्टरपर्यंत गेली. मला हसू आलं. मी तर फक्त 'चांगली बातमी' म्हटलं होतं.

रेणुका स्टँडवर स्कूटी घेऊन उभी होती. आधी बाजारात गेलो. बाजाराच्या एका कडेला मेंढरांचे कळप, व्यापाऱ्यांचे टेम्पो, धूळ. एक म्हातारा व्यापाऱ्याशी सौदा जुळवत होता आणि मागून त्याची बायको म्हणाली, "इकायलाय खरं, मला इचारलं का?" म्हातारा वळून म्हणाला, "तुला इचारलं तर बाजार उठंल की." सगळे हसले, ती सोडून. रेणुकानं माझ्याकडं बघितलं. "बघा मॅडम, पहिली नोंद." पाहणीसाठी हा बाजार मी तिथंच नक्की केला.

घरी पोचलो तर अंगणात सतरंजी अंथरलेली. रेणुकाची आई, गयाबाई, उंबऱ्यात तांब्या घेऊन उभी. मारोतराव कळप भावाकडं सोपवून मुद्दाम आले होते. त्यांची मेंढरं या दिवसांत गंगाखेडच्या बाजूला शेतांतून बसवलेली असतात. खतासाठी शेतकरी बोलावतात आणि बदल्यात ज्वारी देतात. हळूहळू सगळी गल्ली गोळा झाली. मला शाल आणि नारळ दिला. मी नको नको म्हणत होते, पण मनातून मला ते आवडत होतं, हे कबूल करते.

"निवड झाली ना म्याडम, पक्की?" मारोतरावांनी चारचौघांत विचारलं.

"पक्की," मी म्हणाले.

ते उठून आत गेले. रेणुका नंतर सांगत होती, डोळे पुसायला गेले होते. संध्याकाळी मटण, बाजरीची भाकरी आणि मी शाकाहारी निघाल्यामुळे घाईघाईनं केलेली येसराची आमटी. भाजलेल्या धान्यमसाल्याचं ते येसर तुम्हाला परभणीत किराणा दुकानातही मिळेल, पण गयाबाईच्या हातची चव मिळायची नाही. वाढताना गयाबाई म्हणाली, "लोकं म्हणायलेत, गया, तुजी पोरगी सायबीन झाली. म्या म्हणलं, झाली तर झाली, मेंढराचंच काम करायलीय नव्हं!"

दुसऱ्या दिवशी वालूरला निघालो. ताडकळसहून परभणी, तिथून रेल्वेनं सेलू, आणि सेलूहून काळीपिवळी जीप. जाऊन येऊन पूर्ण दिवस जातो, पण जा. तिथल्या जुन्या बारवांपैकी एकीच्या पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात, शंखाच्या आत चालल्यासारख्या. वरून बघत राहिलं की डोळे आपोआप खाली जातात.

माझ्यासाठी वालूरचा बाजार बघणं हे काम होतं, आणि रेणुकाचं काम वेगळं होतं. ती तिथल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत वर्षभर नोकरीला होती. तूर, सोयाबीनची खरेदी बघायची आणि एका खोलीत भाड्यानं राहायची. माझा फोन आल्यावर तिनं राजीनामा दिला होता. त्या दिवशी कार्यभार सोपवून सही करायची, मग मोकळी. "आधी बारव बघू," ती म्हणाली, "ऑफिसात गेलं की काका सोडायचे नाहीत." काका म्हणजे तिथले व्यवस्थापक.

ती खाली पाण्यापाशी उतरली होती. मी वरच्या पायरीवर बसून फोटो काढत होते, तेव्हा संचालकांचा फोन आला.

"त्या मुलीला सांगितलंस का?"

"सांगितलं. माझा सत्कारसुद्धा झाला."

ते म्हणाले, "परदेशातल्या त्या संस्थेनं निधी थांबवलाय. आपलाच नाही, सगळ्यांचा. आज सकाळी मेल आला. प्रकल्प रद्द."

मी दोनदा विचारलं, की काही महिन्यांनी तरी? दुसऱ्या कुठून तरी? ते म्हणाले, "वैशाली, माझंही तेच विचारून झालंय."

रेणुका पायऱ्या चढत वर येत होती. माझा चेहरा बघून तिनं विचारलं, "घरी सगळं ठीक ना, मॅडम?" मी तिला शेजारी बसवलं आणि सांगून टाकलं. गोड करून सांगायला मला काही सुचलंच नाही.

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "रद्द म्हणजे पुढं ढकललं, का रद्द?"

"रद्द."

"आणि तुमची नोकरी?"

"माझी राहील."

तिनं मान हलवली. त्यात राग नव्हता. मला वाटतं राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"पण तू अजून सही केलेली नाहीस," मी म्हणाले. "चल. काकांना सांग, मी राहतेय. ते आनंदानं ठेवून घेतील."

आम्ही जवळजवळ धावतच निघालो. ऑफिस म्हणजे गोदामाचीच एक खोली. आत शिरलो तर काकांसमोर एक मुलगी बसलेली, शीतल नावाची, रेणुकाच्या जागी घेतलेली. शेजारी तिचे वडील. ती दोघं सकाळीच जिंतूरकडून आली होती. भिंतीला टेकवून एक गुंडाळलेली गादी, बादली, आणि भांड्यांचं गाठोडं.

रेणुकानं काकांना बाहेर बोलावून सगळं सांगितलं. मी शेजारीच होते. काकांनी कपाळाला हात लावला. "आगं मंग ऱ्हा की इथंच. ह्या पोरीला म्या सांगतो बरोबर. आज आलीय, आज वापस जाईल. तिनं कुठं सही केलीय?"

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. रेणुका दारातून आत बघत होती. शीतलचे वडील आम्हाला बघून उठले आणि म्हणाले, "ताई, तुमची रूम बघितली. मालकीण लय चांगली हाय. पोरीची फिकर मिटली बघा."

"रेणुका, बोल ना," मी हळूच म्हणाले.

"मॅडम, त्यांनी गादी आणलीय."

एवढंच म्हणून ती आत गेली. शीतलला घेऊन थेट तुरीच्या पोत्यांपाशी. "हे बघ, पोतं उघडलं की आधी आतपर्यंत हात घालायचा. वरची तूर वाळलेली असती, ओल खाली असती. मग हे ओलावा मोजायचं यंत्र. शेतकरी भांडतील, तर त्यांच्यासमोर दोनदा मोजायचं. आवाज चढवायचा न्हाई." पोरगी घाबरून सगळं ऐकत होती. शेवटी रेणुकानं सही केली, किल्ल्या दिल्या, आणि खोलीतली स्वतःची पेटी उचलून आम्ही सेलूची गाडी धरली.

मी रेल्वेत सारखी बोलत होते. दुसऱ्या संस्थांना लिहीन, शिफारस देईन, कुठंतरी होईलच. ती खिडकीतून बघत म्हणाली, "घरी मी सांगते. तुम्ही नुसतं बसा."

दिवेलागणीच्या सुमारास पोचलो. तिनं चुलीपाशी उभं राहूनच सांगितलं. मारोतराव ऐकून घेऊन अंगणात जाऊन बसले. गयाबाई थापायला घेतलेली भाकरी तशीच ठेवून माझ्याकडं वळली.

"मंग तुमी आलाव कशाला बाई?" ती ओरडली नाही. खरोखरच विचारत होती. "फोनवर सांगितलं असतं तर आमच्यातच ऱ्हायलं असतं. तुमी आलाव म्हणून गाव गोळा झालं. आता येका येकाला म्या काय सांगू?"

"आई, त्यांची काय चूक हाय," रेणुका म्हणाली.

"चूक कोण म्हणायलंय? म्या इचारायले."

येताना मला वाटत होतं की एका ओळीच्या मेलपेक्षा मी काहीतरी चांगलं करतेय. चांगली बातमी माणसानं माणसाच्या तोंडानं द्यावी, असं मी इथं या ब्लॉगवर लिहिणारही होते. पण ती बातमी माझी नव्हतीच. लांबच्या कुणाच्या तरी पैशावर ती उभी होती आणि मी ती शालीसकट आपली मानून घेतली होती.

जेवायला मला वाढलं, नीट वाढलं.

सकाळी उठले तेव्हा मारोतराव कळपाकडं निघून गेलेले. गयाबाई म्हणाली, "त्येंला लांब जायचंय." आम्ही दोघींनी ते खरं मानलं. परतीसाठी मी पूर्णा निवडलं होतं. जंक्शन असल्यानं गाड्या बऱ्या मिळतात आणि ताडकळसहून परभणीला मागं जावं लागत नाही. रेणुकानं स्कूटीवरून सोडलं. वाटेत दोघांनी तिला थांबवून अभिनंदन केलं. तिनं दोन्ही वेळा "हो, हो" म्हणून गाडी पुढं काढली. स्टेशनवर गाडी हलेपर्यंत ती उभी होती. मी दारातून हात हलवला, मग जागेवर येऊन बसले आणि पुण्यापर्यंत पुस्तक उघडलं नाही.

पुण्यात आल्यावर मी खरोखर सगळ्यांना लिहिलं. निम्म्यांची उत्तरं आली: आमच्याकडंच माणसं कमी करतायत. आपल्या विषयातली या वर्षाची बातमी हीच आहे, आणि ती कुठल्या जाहिरातीत येत नाही. इथं वाचणाऱ्या तरुण मुलामुलींना एवढंच सांगते, नेमणुकीचं पत्र हातात आल्याशिवाय असलेली नोकरी सोडू नका. समोरचा माणूस कितीही भला असो आणि तुमच्या अंगणात येऊन पक्की म्हणो.

पावसाळ्यात रेणुकाचा फोन आला. नांदेडला पीकविम्याच्या पाहणीचं काम मिळालं होतं, हंगामापुरतं. बुडालेली शेतं मोजायची. "काम बरं आहे," ती म्हणाली. आवडतं का, हे मी विचारलं नाही. मेंढरांचा आणि बायकांचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. ती सुट्टीसाठी घरी आली होती. तिनं फोन आईकडं दिला.

"म्याडम, म्या त्या दिवशी लय बोलले का?" गयाबाईनं विचारलं.

"नाही हो. बरोबर बोललात."

"मंग या की. काम घेऊन नका येऊ. नुसतं या."

मी हो म्हणाले. त्यानंतर दोनदा तिकीट काढलं आणि दोनदा रद्द केलं. नुसतं कसं जायचं असतं, ते मला अजून जमलेलं नाही.