विद्या नको म्हणणारी

श्रीविश्वेश्वर, माता अन्नपूर्णा आणि जिच्या काठी आमच्या कुळाने पिढ्यान्‌पिढ्या संध्या केली ती भागीरथी, यांना वंदन करून काल कार्तिक पौर्णिमेला काशीत झालेल्या देवदिवाळीच्या निमित्ताने हे लिहायला बसलो आहे. दैवी देणगीचा इतका कंटाळा करणारी व्यक्ती माझ्या धाकट्या बहिणीच्या नातीखेरीज त्रैलोक्यात दुसरी नसेल.

आमच्या घराण्यात मुलग्यांनी वेद शिकायचे आणि मुलींपैकी एकीने ‘विद्या’ घ्यायची, अशी रीत आहे. विद्या म्हणजे वारा, पाणी, अग्नी आणि मुकी जनावरे यांनी आपले ऐकणे. गल्लीतले लोक भांडणात आमच्या बायकांना चेटकिणी म्हणतात आणि ताप आलेले मूल मात्र आमच्याच दारी आणतात. विद्या आजीकडून नातीकडे जाते. माझ्या आजीने ती बहिणीला दिली. मीही हात पुढे केला होता, आजी हसून म्हणाली, “तुला वेद आहेत की रे.” तेव्हापासून मी वेद म्हणतो आहे आणि वारा त्याला वाटेल तिकडे वाहतो आहे.

ही नात विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते, फाटलेली विजार विकत घेऊन घालते, आणि कानांत गाणी खुपसून हिंडते. रीतसर विद्या घेतलेली नसतानाही ती हिच्या अंगावरून ओसंडते. ही मोबाइल पाहत चुलीपाशी उभी राहिली की दूध काठापर्यंत येऊन थांबते आणि हिचे लक्ष जाईपर्यंत अदबीने वाट पाहते. गल्ली अडवून बसणाऱ्या नंदीला मी वर्षानुवर्षे नमस्कार करतो. तो शेपटीने माझे उपरणे झाडतो. ही नुसती म्हणते, “भैया, जरा साइड,” आणि ते धूड उठून भिंतीला चिकटते. एकदा गच्चीवरून माकडाने माझा चष्मा पळवला. मी हनुमंताचे स्तोत्र आरंभले, फलश्रुतीपर्यंत नेले, पुन्हा आरंभले. माकड चष्म्याची दांडी चघळत ऐकत होते. तेवढ्यात ही कपडे वाळत घालायला आली आणि म्हणाली, “दे दो यार, बुजुर्ग हैं.” माकडाने चष्मा तिच्या हातावर ठेवला; तोही पुसून, असे मला वाटले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

एवढे असून ही विद्या नको म्हणते. मी शास्त्राधार देऊन समजावू लागलो, तर म्हणाली, “मामाआजोबा, मला नॉर्मल राहायचंय. चांगले मार्क मिळाले तरी मैत्रिणी म्हणतात, तूने कुछ किया होगा.”

यंदा बहिणीचे हात कापू लागले, तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा उरला नाही. कार्तिकभर आम्ही अमृतराव घाटावर बांबूच्या टोकाला टोपलीत दिवा ठेवून पितरांसाठी आकाशदिवा चढवतो. इकडे कार्तिक पौर्णिमेलाच संपतो; त्या शेवटच्या संध्याकाळी आजीने न पेटवलेला दिवा पुढे धरायचा, नातीने “दे” म्हणायचे, आणि वात आपोआप पेटायची. मागितल्यावाचून विद्या देता येत नाही. देण्याआधी आजी गेली, तर ती तिच्याबरोबर गंगार्पण होते. बहीण पुढच्या कार्तिकाची खात्री देत नव्हती.

काल घाटावर दिव्यांपेक्षा माणसे जास्त होती. बहिणीने दिवा पुढे धरला. नात एक पायरी मागे सरकली.

“आजी, मामाआजोबांना दे ना. उनको कबसे चाहिए.”

मी विनयाने नाही म्हणायला हवे होते. पण तिचे वाक्य संपण्यापूर्वीच माझी ओंजळ पुढे झाली होती. मी “दे” म्हणालो. मला येतात ती सगळी अग्निसूक्ते म्हणालो. वात काळीच राहिली. शेजारच्या एका प्रवाशाने सौजन्याने लायटर पुढे केला. बहीण हळूच म्हणाली, “दादा, पुरे आता.” मी हसण्याचा प्रयत्न केला; तो साधला नाही.

आणि दिवा पेटला. वाऱ्यात ताठ उभी ज्योत. विजयाने नातीला दाखवावे म्हणून मी वळलो. ती नदीकडे पाठ करून, मुठी आवळून, डोळे मिटून उभी होती. कानांतली गाणी काढलेली. ओठ हलत होते.

“दे ना, प्लीज. एकदाच दे. म्हातारा रडेल.”

बहिणीनेही ते ऐकले. कोणासाठी मागायचे, हे आमच्या रीतीत कोठेच सांगितलेले नाही. मागितले की झाले. नातीने डोळे उघडले, आजीचा चेहरा पाहिला आणि विद्या कोणाकडे आली ते तिच्या लक्षात आले.

“हो गया काम,” ती म्हणाली, आणि मुकाट्याने दोरी ओढून तिने आकाशदिवा वर चढवला.

म्हातारा रडला नाही, असे मी येथे लिहिणार होतो. आज पहाटे संध्येला बसलो, तर ती जांभया देत शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “तुम्ही म्हणा, मी वाऱ्याला बसवते.” वारा बसला. माझा मत्सर अजून बसलेला नाही. या वयात त्याची सोबत सुटणेही अवघडच. पण जन्मभर मागून मला जे मिळाले नाही, ते माझ्यासाठी मागणारे कोणी आहे, हे ठाऊक झाल्यापासून मंत्र म्हणताना मधेच स्वर चुकतो.

वाचकहो, तुमच्या घरचे दूध काठाशी थांबो, देव्हाऱ्यातली ज्योत वाऱ्यात ताठ राहो, आणि तुमच्याकडे पाठ करून तुमच्यासाठीच काही मागणारे एखादे लेकरू तुमच्या घरी सदैव नांदो.