यमुनेचे पाय

यमुना गेल्याचा निरोप आला तेव्हा मी धुळ्याला लेकीच्या बाळंतपणात होते. निरोप्या दारातच थांबून म्हणाला, "अक्का, वहिनी गयात." हातातलं बाळ लेकीकडे दिलं आणि पहिला विचार आला तो हाच, की तिची माफी मागायची राहूनच गेली. रडू नंतर आलं...

यमुना माझ्या धाकट्या भावाची बायको. मी विधवा होऊन जळगावला माहेरी आले, तेव्हापासून घर माझ्या शब्दावर चाले. लग्नानंतर थोड्याच वर्षांत एका पावसाळ्यात तिला एका डोळ्याने धूसर दिसू लागलं, आणि आपोआप बरंही झालं. पुढे पाय जड झाले. दिवाळीला मात्र ती पुन्हा अंगणात रांगोळी काढत होती. "कामाला पाय जातात नि सणाला येतात," हे वाक्य माझंच. शेजारणी हसल्या, तीही हसली बिचारी.

मग दुखणं लवकर लवकर उलटू लागलं. वैद्याला न विचारता मीच ठरवलं, हा वात आहे. ऐन वैशाखात खोली बंद करायची, एरंडाची पानं तव्यावर तापवून तिचे पाय शेकायचे, वर कढत पाण्याने अंघोळ. त्यानंतर तिला उभंही राहवत नसे. "आंग तपनं का मना पाय जातस, अक्का. थंडं पानी द्या ना," ती विनवायची. वाताला थंड पाणी? "शेक दिधाबिगर वात जावाव नही," म्हणत मी आणखी पानं तापवी. एकदा शेजारणीच्या बैलगाडीतून ती मेहरूणच्या तळ्यावर गेली, बराच वेळ पाण्यात बसली आणि ओल्या लुगड्यानिशी आपल्या पायांनी ओटा चढून आली. "दखा अक्का, मी चालीसन उनू!" केवढा आनंद होता तिच्या तोंडावर! आणि मी काय म्हणाले... "म्हंजे इतला दिन सोंगच व्हतं तुनं!" तेव्हापासून मी तिचं तळ्यावर जाणं बंद केलं.

पुढे भावाने मुंबईहून आलेल्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तळव्यावर किल्ली ओढून पाहिली, डोळ्याच्या त्या जुन्या दुखण्यापासून सगळं विचारलं. डिसेमिनेटेड स्क्लेरोसिस, म्हणाले. मेंदूचा आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जेचा रोग. कोणात तो येतो-जातो, कोणात पहिल्यापासून चढतच राहतो. यमुनेचा आधी येऊन-जाऊन होता, आता चढणीला लागला होता. औषध त्यांच्याकडे नव्हतं. पण शेकाचं ऐकताच ते दचकले. "आधी ते बंद करा. यांना उष्णता सोसत नाही. गार पाण्याने अंग पुसा, दमू देऊ नका." शेकामुळेच वाढलं का, मी विचारलं. "तसं म्हणता येणार नाही. त्या त्या वेळी त्रास मात्र झाला असणार." नातलग पहिल्या वाक्याने माझी समजूत घालतात. मला दुसरं सोडत नाही.

त्या दिवसापासून दुपारी मी तिचे पाय गार पाण्याने पुसू लागले. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या पायांसाठी ती रोज विचारायची, "अक्का, गार पानी चाली का?" "इचारानं काय शे त्यामां?" मी म्हणे. तरी विचारायचीच. पुढे जीभ जड झाली, शब्द उमटेनात. फडकं पिळून मी जवळ बसले की ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राही. मी 'हो' म्हणेपर्यंत नजर हलायची नाही.

तिची खाट आता काढली आहे. दुपारी मी त्या खोलीत जाऊन बसते... आणि कोणी काही विचारलेलं नसताना माझ्या तोंडून 'हो' निघतं.